पूर्ण मिनिट

सिस्टर सोनकुसरे यांच्या वॉर्डात ‘बरं हाय’ म्हणायला बंदी होती.

आमच्या भागात आजाऱ्याची चौकशी करायला आलेल्या माणसाला एकच उत्तर मिळतं. आजारी तापानं फणफणलेला असो, नाहीतर त्याला शेवटचं खाटेवरून खाली घ्यायची वेळ आलेली असो, “कसं हाय?” या प्रश्नाला “बरं हाय जी” असंच म्हणायचं. आजाऱ्यासमोर वाईट बोललं की ते वाईट घरात येऊन बसतं, अशी समजूत. शिवाय विचारणारा दूरच्या गावाहून सायकल हाणत आलेला असतो. त्याला घोर लावून परत पाठवणं रीतीला धरून नाही. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर ही रीत पाळतात, आणि तिच्यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

सिस्टरांचं म्हणणं, घरात ती रीत शोभते, दवाखान्यात जीव घेते. डॉक्टर राउंडला येत, खाटेशी उभ्या असलेल्या आयाबाईला विचारत, “काय, कसा आहे हा?” आणि आयाबाई पदर सावरून म्हणे, “बरं हाय जी.” मागून सिस्टरांचा आवाज येई, “बरं तुह्या घरी. इथी आकडा सांग.”

मी त्या दवाखान्यात लेखनिक होतो. पवनीच्या वरच्या अंगाला नदीकाठी आमचं गाव. दवाखाना गावातल्या धान्याच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्यांनी ट्रस्ट करून काढलेला. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि देशात सगळे मोठ्यानं बोलायला शिकत होते. आमच्या वॉर्डात त्याला अजून अवकाश होता. एक डॉक्टर, शिकलेली नर्स एकच, ती म्हणजे सिस्टर, आणि बाकी सगळा कारभार आयाबायांवर. त्या फरशी पुसत, भांडं देत, चादरी बदलत, आणि कोणी विचारलंच तर सगळं बरं आहे असं सांगत.

सिस्टर मूळच्या पवनीच्या, कोष्ट्याच्या घरातल्या. वडील मागावर बसत. मुलगी नागपूरला जाऊन परक्या माणसांची अंगं पुसायला शिकते, याचा गल्लीला धक्का बसला होता. तो ओसरायच्या आत ती शिकून परतही आली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून लोकांनी आपापल्या सोयीची कारणं तयार करून घेतली होती. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, चालताना किंचित उजवीकडे झुकणाऱ्या. दाढेत कायम लवंग. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ.

नमस्कारावर त्यांचं भागत नसे. भेटलेल्या माणसाचं मनगट त्या हातात घेत आणि ते सोडायचं विसरत. लोकांना वाटे, काय ही आपुलकी! थोडी आपुलकी असेलही. पण समोरचा आपल्या मुलीच्या सोयरिकीचं सांगत असताना सिस्टरांची नजर छातीवरच्या घड्याळाकडे गेलेली असे. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणत, “सोयरीक चांगली हाये. तुमची नाडी तेवढी चांगली नाही. उद्या दवाखान्यात या.” लग्नाच्या पंगतीत नवरीच्या बापाला त्यांनी असंच एकदा ताटावरून उठवून नेलं होतं. तो वाचला. नवऱ्याकडच्यांनी मात्र तो अपशकुन सिस्टरांच्या नावे लावला.

ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब. राइस मिलचे मालक, मनानं वाईट नव्हते. दोन वाक्यांत सांगता येण्याजोगी गोष्ट त्यांनी कधी दोन वाक्यांत सांगितली नाही, एवढाच त्यांचा दोष. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी दवाखान्याला एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. तबकडीवर वडिलांचं नाव. ते माझ्या खोलीत, वडिलांच्या तसबिरीच्या बरोबर समोर लावलं होतं. वडिलांना वेळ दिसावी म्हणून असेल. एके सकाळी सिस्टर स्टूल घेऊन आल्या.

“बाबूजी, या घड्याळाले सेकंदाचा काटा हाये.”

“आहे.”

“मंग हे इथी काय करून राहिलं?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी ते उतरवलं आणि वॉर्डात, सगळ्या खाटांवरून दिसेल असं टांगलं. पुढच्या सभेत भाऊसाहेबांनी विचारलं, “सिस्टरबाई, वडिलांचं घड्याळ दिसत नाही ते?”

“कामाले लावलं, भाऊसाहेब.”

मग भाऊसाहेब गंभीर होऊन म्हणाले, “वडीलही फार कामसू होते,” आणि त्या विषयावर चहा गार होईपर्यंत बोलले.

घड्याळ हवं होतं ते आयाबायांसाठी. डॉक्टर एक, आपण एकट्या. आजाऱ्याजवळ दिवसभर असते ती आयाबाई, तेव्हा ताप, नाडी आणि श्वास तिला मोजता आलाच पाहिजे, असं सिस्टरांनी ठरवलं होतं. डॉक्टरांनी खांदे उडवले. ते भले आणि थकलेले गृहस्थ होते, त्यांचा कशालाच विरोध नसे. भाऊसाहेबांना शंका होती. “त्यांना अक्षर येत नाही, सिस्टरबाई.”

“अक्षर कोन मागून राहिलं? मोजता येते.”

आणि ते खरं होतं. सिस्टरांनी बाया निवडल्या त्या कोष्टीपुऱ्यातल्या. माग बंद पडत चालले होते आणि लहानपणापासून ताण्याचे धागे मोजत आलेले हात रिकामे झाले होते. या बायका शेजारणीशी भांडता भांडता धागे मोजत आणि भांडणही चुकत नसे, धागाही चुकत नसे. आकडे काढायला सिस्टरांनी त्यांना महिनाभरात शिकवलं. बाकीचं शिक्षण दुपारी, आजारी झोपले की व्हरांड्यात चाले.

त्यांची शिकवण म्हणजे वाक्यंच होती. “अंदाज घरी चुलीपाशी ठेवून येत जा.” “पेशंट खोटं बोलते, नातेवाईक त्याच्याहून खोटं बोलते, नाडी नाही बोलत.” श्वास मोजताना सांगायचं नाही, मनगट धरून नाडी मोजल्याचं सोंग करायचं आणि पोटाकडे पाहायचं, “कारन सांगतलं का तो शहान्यासारखा श्वास घेते.” आणि सगळ्यांत वरचढ नियम, पूर्ण मिनिटाचा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची पळवाट कौसल्याबाई नावाच्या एका हुशार बाईनं पहिल्याच आठवड्यात शोधली. सिस्टरांनी तिला व्हरांड्यात दहा पावलं चालायला लावली आणि सहाव्याला पायात काठी घातली. कौसल्याबाई अडखळली. “पाचपर्यंत तू सरळ होती. नाडीबी अशीच असते. लंगडते ते दुसऱ्या अर्ध्यात. पूर्ण मिनिट.”

महिन्या-दोन महिन्यांत कोष्टीपुऱ्यात कोणाचं मनगट सुरक्षित राहिलं नाही. सासवा, पोट्टे, दारावरचा भाजीवाला, सगळ्यांच्या नाड्या मोजून झाल्या. एक नवरा तर तक्रार घेऊनच आला. “सिस्टर, माही बायको प्रेमानं हात धरते म्हनून मी खुश झालो, तं ती पुटपुटून राहिली, पासष्ट, सहासष्ट.”

“मंग? किती भरली?”

“ब्याऐंशी म्हने.”

“खुश झाला म्हनून. जा घरी.”

या सगळ्यांत पार्बता निराळी. तिशीतली, काटकुळी, नवऱ्याचा माग बंद पडल्यावर कामाला आलेली. तिचा आवाज इतका खाली, की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे. पण तिच्या बोटांसारखी बोटं नव्हती. लहान बाळाची, हाताला न लागणारी धावती नाडी तिला लागे. सिस्टर तिला कधी शाबासकी देत नसत, अवघड मनगट आलं की नुसतं म्हणत, “पार्बताले बोलवा.” तिला ते पुरत असावं.

अठ्ठेचाळीस या आकड्याची गोष्ट त्याच वर्षीची.

पायाला गळू झालेला एक ढिवर भरती झाला होता. उभा जन्म नदीत डोंगा हाकण्यात आणि जाळं ओढण्यात गेलेला, दरवाज्यासारखी छाती. पार्बतानं नाडी मोजून सांगितलं, “अठ्ठेचाळीस.” सिस्टर तेव्हा दोन-तीन खाटांपलीकडे होत्या, आजूबाजूला नातेवाइकांची गर्दी होती, आणि त्यांचा दिवस वाईट चालला असावा. त्या तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, “अठ्ठेचाळीस? पार्बता, मधात डोळा लागला होता का तुहा? आजारी मानसाची नाडी हाये का बैलाची?”

सगळा वॉर्ड हसला. ढिवरही हसला. पार्बताही, लाजून, थोडीशी हसली.

सिस्टर मग स्वतः आल्या, मनगट धरलं, भाऊसाहेबांच्या वडिलांच्या घड्याळाकडे पाहिलं. पूर्ण मिनिट. तक्त्यावर आकडा मांडला, अठ्ठेचाळीस, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. सगळं आयुष्य अंग मोडून काम करणाऱ्यांची नाडी अशी संथ असू शकते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सिस्टरांना ते ठाऊक नसेल असं नाही. त्या क्षणी हसं करणं त्यांना सोपं गेलं. चूक झाली हे त्यांना कळलं होतं, पण ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून लाखोळीच्या डाळीचे वडे आणले आणि वाटी पार्बतापुढे ठेवली. “खा.” पार्बतानं खाल्ले, वाटी घासून परत दिली. सिस्टरांच्या लेखी प्रकरण मिटलं.

त्यानंतर पार्बता प्रत्येक नाडी दोनदा मोजू लागली. आकडा वेगळा वाटला तर तीनदा. सिस्टरांनी ते पाहिलं आणि काळजीपूर्वक काम करते असं म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

दीडेक वर्षानं समारंभ ठरला. तो सिस्टरांनीच मागून घेतला होता, हे सांगितलं पाहिजे. बाया आता मोजत होत्या, पण ट्रस्टच्या लेखी त्या झाडूवाल्याच होत्या. आजाऱ्याजवळून उठवून त्यांना कोणीही पाहुण्यांची भांडी घासायला नेई. हाक ‘ए बाई’ अशी. सिस्टरांना त्यांच्यासाठी एक कागद हवा होता, ‘रुग्ण सहायिका’ असा, ज्याच्यावर ट्रस्टचा शिक्का असेल. भाऊसाहेबांनी तो लगेच कबूल केला. फक्त एक कागद देण्यासाठी त्यांना मंडप, लाउडस्पीकर, भंडाऱ्याहून एक पाहुणे आणि तीन गुच्छ लागले.

दवाखान्याच्या आवारातच मंडप पडला. सिस्टर खळीच्या नव्या कपड्यांत आल्या. त्यांना सजलेलं मी प्रथमच पाहत होतो. समारंभांची टर उडवणाऱ्या त्या बाई मंचावरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि चेहरा असा होता, की मी माझ्या मनातल्या टवाळ्या मनातच ठेवल्या. त्यांना शाल दिली, नारळ दिला. मग भाऊसाहेब ‘सेवा’ या विषयावर बोलायला उभे राहिले.

वॉर्डात त्या वेळी पार्बता होती. तिचं नाव पुकारलं की कौसल्याबाई तिच्या जागी जाणार, असं ठरलं होतं. त्या सकाळीच गोसीकडच्या एका खेड्यातली पहिलटकरीण बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. सासू उशाशी बसली होती. पार्बतानं बाळंतिणीचं मनगट धरलं, तर नाडी फार धावत होती. तिनं पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा मोजली. सासूनं विचारलं, “कशी हाये वं?” आणि पार्बता, सिस्टरांची सर्वांत चांगली शिकलेली पार्बता, म्हणाली, “बरं हाय जी.” कौसल्याबाई मंडपाच्या पुढच्या रांगेत अडकली होती. तेव्हा सासूला लक्ष ठेवायला सांगून पार्बता स्वतःच मंडपाकडे निघाली.

मागच्या बाजूला, पाण्याचे माठ ठेवले होते तिथे, पाणी वाटणाऱ्या माणसानं तिला अडवलं. “थांब बाई, भाऊसाहेब बोलून राहिले.”

ती थांबली. तिथून तिला मंचावरचे डॉक्टर दिसत होते, शाल पांघरून बसलेल्या सिस्टर दिसत होत्या. हाक मारली असती तर सगळा मंडप वळला असता. तिनं हाक मारली नाही. भाऊसाहेब सेवेवरून त्यागावर आले, त्यागावरून वडिलांवर. टाळ्या झाल्या. मग पहिलं नाव पुकारलं गेलं. ते पार्बताचंच होतं. सिस्टरांनी यादीत तिला सर्वांत वर ठेवलं होतं.

ती मंचावर आली. भाऊसाहेबांनी कागद पुढे केला, तिनं तो घेतला, वाकून त्यांच्या पायाला हात लावला, मग पाहुण्यांच्या, मग डॉक्टरांच्या. फोटोवाल्यानं तिला सिस्टरांशेजारी उभं केलं. तेव्हा ती सिस्टरांना काहीतरी म्हणाली. प्रमाणपत्रांचा गठ्ठा धरून मी हातभर अंतरावर उभा होतो. मला ऐकू आलं नाही. सिस्टरांना आलं. फोटोत त्या नाहीत. फोटोत पार्बता आहे, तिच्या हातात कागद आहे आणि शेजारी एक रिकामी खुर्ची आहे.

बाळंतिणीच्या पांघरुणाखाली सगळं रक्त झालं होतं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. भाऊसाहेबांनी स्वतःची जीप दिली आणि स्वतः पुढे बसले. ती पोरगी भंडाऱ्याला जिवंत पोचली नाही. आणखी लवकर कळलं असतं तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं. ते स्टेथोस्कोपची नळी गुंडाळू लागले. “वाचलीही असती. सांगता येत नाही.” त्या ‘सांगता येत नाही’नं नंतर सगळ्यांनाच आपापल्या परीनं छळलं.

थंडीचे दिवस होते. बाळाला घेऊन सासू बैलगाडीत बसली, तेव्हा सिस्टरांनी खांद्यावरची शाल काढून त्यात बाळ गुंडाळलं. शालीचं काय झालं, असं भाऊसाहेबांनी कधी विचारलं नाही.

ट्रस्टनं चौकशी समिती नेमली. समितीत धान्याचे दोन व्यापारी आणि भाऊसाहेब. मी लिहायला. पार्बताला उभं करून विचारलं, “तुला समजलं होतं ना, की तब्येत बिघडली? मग ताबडतोब काहून नाही सांगितलं?”

“भाऊसाहेब बोलत होते जी,” पार्बता म्हणाली.

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला.

एका सदस्यानं तिला कामावरून कमी करावं असं सुचवलं. सिस्टर दाराशी उभ्या होत्या, त्यांना बोलावलेलं नव्हतं. त्या आत आल्या. “हिनं मोजलं बरोबर. मी हिले मोजाले शिकवलं. बोलाले शिकवलंच नाही. अन् येक दिवस ही बोलली, तं मी चारचौघांत हिले हासली. तवापासून ही तीन-तीनदा मोजते. हे माहं हाये. लिवा, बाबूजी.”

मी समितीकडे पाहिलं. समितीचं मत पडलं, की हा मुद्दा विषयपत्रिकेत नाही. शेवटी पार्बताला समज देण्यात आली आणि एक ठराव झाला: यापुढे समारंभ चालू असताना कर्मचाऱ्यांनी मंडपात येऊ नये. तो मी सुवाच्य अक्षरात लिहिला. माझ्या नोकरीत मी बरेच ठराव लिहिले. इतका नेमका उलटा दुसरा आठवत नाही.

त्यानंतर दुपारच्या शिकवणीला निराळंच वळण लागलं. सिस्टरांनी व्हरांड्यात एक खुर्ची ठेवली आणि मला तीत बसवलं. “तुम्ही भाऊसाहेब. बोला.”

“काय बोलू?”

“काहीबी. तेबी काहीबीच बोलते.”

मी जुन्या वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचत असे. सिस्टरांनी बोट वर केलं की समोरच्या बाईनं मला मध्येच तोडायचं आणि खाट नंबर, आकडा सांगायचा. पहिले काही दिवस कोणी तोंड उघडेना. वडीलधारा माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं, तेही बाईनं, ही गोष्ट थर्मामीटर झटकण्यापेक्षा कितीतरी कठीण होती. मग एके दिवशी कौसल्याबाई ओरडली, “ए बाबूजी, चूप! सात नंबरची नाडी येकशेतीस!”

“‘ए’ नको,” सिस्टर म्हणाल्या. “बाकी बरोबर.”

एकेक करून सगळ्या शिकल्या. काहींना तर त्यात फारच गोडी लागली, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या नव्या तक्रारी आल्या. पार्बता मात्र समोर येई, पदराचं टोक बोटाला गुंडाळी, आणि मी पूर्णविरामाला पोचायची वाट पाही. मला ते पाहवेना. मी वाक्य लवकर संपवू लागलो. सिस्टरांच्या लक्षात आलं. “थांबू नका. तिच्यावर दया करू नका, बाबूजी. त्या दिवशी कोनी थांबलं नव्हतं.” मग मी अख्खा अग्रलेख वाचला. सिस्टरांचं बोट सुरुवातीपासून वर होतं. पार्बता शेवटच्या ओळीपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, “झालं का जी?” सिस्टर उठून आत गेल्या. त्या रडल्या असतील असं मी म्हणणार नाही. मी पाहिलं नाही. पण बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा दाढेतली लवंग नव्हती.

वर्षं गेली. सिस्टर निवृत्त झाल्या, दोन नव्या नर्स आल्या, डॉक्टर बदलले. पार्बता वॉर्डातच होती. तिची बोटं तशीच होती. आकडा ती हळूच नर्सच्या कानाशी सांगे आणि नर्स तो पुढे पोचवी. कोणाची काही तक्रार नव्हती. बाजारात सिस्टर भेटल्या की माझं मनगट धरीत आणि विचारीत, “पार्बता बोलते काय?”

“सांगते ना. नर्सला सांगते.”

“मी ते नाही विचारलं.”

एवढं बोलून त्या माझं मनगट सोडत. माझी नाडी किती भरली, हे त्या हल्ली सांगत नसत. त्या काळात गावाला बोलायला गोसीच्या धरणाचा विषय पुरत होता. कोणाचं गाव बुडणार, कोणाचं वाचणार. सिस्टर त्या बोलण्यात कधी पडल्या नाहीत. त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो मला सोडून कोणाला ठाऊक नसावा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे, एका हिवाळ्यात, सिस्टर त्याच वॉर्डात आजारी म्हणून आल्या. छातीत पाणी झालं होतं. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत. मी भेटायला गेलो त्या दिवशी त्या उशांना टेकून बसल्या होत्या, पवनीहून आलेली भाची शेजारी होती आणि खाट घड्याळासमोरची होती. ती त्यांनी मागून घेतली असेल. पार्बता आता केसांनी पांढरी झालेली, खाटेशी उभी.

मी विचारलं, “कशा आहात?” विचारल्यावर जीभ चावली.

सिस्टर धापांमधून म्हणाल्या, “तिले विचारा.”

इतक्यात भाऊसाहेब आले. काठी टेकत, मागे संत्र्यांची टोपली घेतलेला गडी. नवे डॉक्टर तरुण होते. अध्यक्षांच्या मानासाठी हातातलं काम टाकून ते त्यांच्या मागोमाग आले आणि अदबीनं उभे राहिले. भाऊसाहेब खाटेशी थांबले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते, पण भरल्या डोळ्यांनीसुद्धा ते बोलायला लागलेच. “सिस्टरबाई, या दवाखान्याची सेवा म्हणजे काय, तर तुम्ही. आमचे वडील नेहमी म्हणत, की—”

पार्बता सिस्टरांचं मनगट धरून उभी होती. सगळ्यांना वाटलं, नाडी पाहते आहे. तिची नजर पोटावर होती. मग घड्याळावर. मग पुन्हा पोटावर.

“—माणसाच्या कार्याची खरी ओळख—”

“डॉक्टर साहेब,” पार्बता म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. फाटका होता, बऱ्याच वर्षांनी उघडलेल्या दारासारखा. पण तो वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत गेला. भाऊसाहेबांचं वाक्य तोंडातच राहिलं.

“बाईचा श्वास अडतीस चालू हाये. सकाळी अठ्ठावीस होता. ओठ पाहा. इकडं या लवकर.”

“अवो मावशी, त्याईच्यासमोर असं काय बोलता?” भाची कळवळून म्हणाली. ती आमच्याच भागातली होती; तिचं चुकलं नव्हतं. डॉक्टर मात्र भाऊसाहेबांना ओलांडून पुढे झाले, स्टेथोस्कोप लावला आणि नर्सला ऑक्सिजन आणायला सांगितलं. वॉर्डात पळापळ झाली. त्या धांदलीत सिस्टरांनी हात किंचित उचलला आणि पार्बता त्यांच्या तोंडाशी वाकली. या वेळी ऐकायला तिला पुढे झुकावं लागलं.

“कितीदा मोजला?”

“येकदाच, बाई.”

“पूर्ण?”

“पूर्ण मिनिट.”

सिस्टरांनी डोळे मिटले. नर्सनं आम्हाला बाहेर जायला सांगितलं. दारातून मी मागे वळून पाहिलं. भाऊसाहेब तिथंच, हातात एक संत्रं घेऊन, कुठं उभं राहावं हे न कळून उभे होते. सिस्टरांच्या नाकाला नळी लागली होती आणि डोळे पुन्हा उघडले होते. पार्बतानं मनगट परत धरलं होतं. दोघीही समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या, आणि दोघींचेही ओठ हलत होते.